कढत पाणी

चहूकडे बर्फ पडलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जपानी हॉटेलात स्वप्नाली वाफाळत्या कुंडात पाय सोडून बसली होती. तिने तलवाड्याला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ आई, इथं जमिनीतूनच गरम पाणी येतं!"

छबुबाई हसल्या. "त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस? आपल्या विहिरीचं पाणी बी कालपासून लई कढत यायलंय. बादलीत हात घालवत न्हाई."

स्वप्नालीचं हसू मावळलं. इथल्या डोंगराच्या पोटात ज्वालामुखी होता. पण तलवाड्यात?

"आई, विहिरीपाशी कुणी जाऊ नका. आबांना फोन दे."

 

"ते सकाळीच विहिरीत उतरलेत, पाणी कावून तापलं ते बघायला. जेवायला हाका मारतेय, तर ओ बी देईनात."