फौजदारांच्या मनगटावरचा पट्टा

नवऱ्याने मारल्याची तक्रार आली की फौजदार गुंजाळ दोघांना चहा पाजून घरी धाडायचे. नव्या कायद्याने गंमत केली. बाईला परत पाठवणाऱ्याच्या मनगटावर दिवसभरासाठी पट्टा चढायचा. तिला लागलं की यालाही तेवढंच दुखायचं.

“वैजयंताबाई, नवराच आहे तुमचा. जा, नांदा गुमान,” म्हणत त्यांनी तिला वाटेला लावलं, मनगटावर पट्टा चढवून घेतला आणि मिसळ मागवली.

दुसऱ्याच घासाला त्यांचा गाल पेटला. मग बरगडीत लाथ बसली.

“लई तिखट का ओ साहेब?” शिपाई शितोळेबाई खिदळल्या.

तोवर गळा आवळला गेला. आवाज फुटेना. गुंजाळ जीपकडे बोट दाखवत लोळले.

आणि एकदम सगळं दुखणं थांबलं.

“चला, सुटलात!” शितोळेबाई म्हणाल्या.

गुंजाळांनी पट्टा पाहिला. तो बिघडला नव्हता. हिरवा दिवा चालूच होता.