पाचवी पाटी

पंचांनी शिट्टी फुंकली आणि टेबलाकडे वळून नऊ बोटं दाखवली. नऊ नंबरचा आणखी एक फाउल.

टेबलावर एक ते पाच आकड्यांच्या पाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. खेळाडूचा कितवा फाउल, त्या आकड्याची पाटी डोक्यावर धरायची, म्हणजे सगळ्या मैदानाला कळतं. पाचवी वर गेली की खेळाडू बाहेर. मग ब्रह्मदेव आला तरी त्या सामन्यात परत उतरता येत नाही. टेबलाशी बसलेल्या खेळाच्या बाईंनी चारची पाटी वर धरली. सामना अजून बराच बाकी होता.

"फार अंगावर जाते पोरगी," शेजारी घड्याळ सांभाळणारे चित्रकलेचे सर पुटपुटले.

"लहानपणापासून तशीच आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

सरांना ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं! नऊ नंबरची ती कप्तान पाहुण्या शाळेची असली, तरी बाईंची पोटची पोर. घर मोडलं तेव्हा तिने बापाचं बोट धरलं, आणि तेव्हापासून आईशी अबोला. फोन उचलत नाही, दारात गेलं तर खोलीबाहेर येत नाही. मग काय, बाईंनी आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धाच भरवली. बाद पद्धतीने घ्या, एका दिवसात आटोपेल, असं मुख्याध्यापक कानीकपाळी ओरडत होते. बाई हटून बसल्या. साखळीच हवी, प्रत्येक शाळा प्रत्येक शाळेशी खेळलीच पाहिजे. "मुलींना सराव मिळतो हो, सर." कसला सराव! बाद पद्धतीत हरलेला संघ पहिल्याच दिवशी घरी जातो. साखळीत तीन दिवस राहावं लागतं, एवढाच काय तो हिशेब.

तीन दिवस बाई उन्हात नुसत्या भाजून निघाल्या. रिंगांना नव्या जाळ्या बांधल्या, गुडघ्यांवर बसून मैदानाच्या रेषा रंगवल्या, पाहुण्या शाळेला पंख्याची खोली दिली. फाउल मोजायचं काम दुसऱ्या कुणाला न देता स्वतःकडे ठेवलं, कारण टेबलावरून मैदान हाताच्या अंतरावर दिसतं. काल पोरीचा गुडघा सोलवटला तेव्हा सरांच्या हाती पट्टी धाडली. पट्टी जशी गेली तशी परत आली. "आमच्याकडे आहे म्हणाली," एवढंच सांगून सर उगाच घड्याळाची काच पुसत बसले. तीन दिवसांत लेकीने एकदासुद्धा मान वर करून आईकडे पाहिलं नव्हतं. आणि हा तिचा शेवटचा सामना. फाटकाशी तिच्या शाळेची बस येऊनही उभी राहिली होती.

घरी तिला भिंगरी म्हणायचे ते उगाच नाही. चेंडू हातात आला की एका पायावर गरकन वळून ती दोघींच्या मधून निसटायची. बाई आधाशासारख्या बघत होत्या. केवढी उंच झाली! केस कापून टाकलेत मेलीने. बुटाची नाडी मात्र अजून तशीच, सैल. पडशील गं, किती वेळा सांगितलं तुला.

पुन्हा शिट्टी झाली. समोरच्या संघाची मुलगी आडवी पडली होती. तिचे शिक्षक धावले, मैत्रिणींनी गराडा घातला, एकच गलका उडाला. त्या गडबडीत पंच टेबलाकडे वळले आणि त्यांनी नऊ बोटं दाखवली.

बाईंचा हात पाट्यांवर गेला. पाचच्या पाटीशी घोटाळला. मग मागे आला, आणि बाईंनी चारचीच पाटी पुन्हा वर धरली.

सरांनी पाहिलं. जन्मभर पोरींना 'रडीचा डाव खेळायचा नाही' म्हणून दटावणारी ही बाई! पण त्यांनी नजर घड्याळाकडे वळवली. पंचही पुढच्या कामाला लागले. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

पोरगी ताडताड चालत टेबलाशी आली. घामाने निथळत होती.

"बाई, माझे पाच झाले."

अबोल्यानंतरचं हे पहिलं वाक्य. बाईंना तेसुद्धा गोड लागलं, आईचं काळीज ते!

"चारच आहेत गं, भिंगरी. जा, खेळ तू."

"माझा नंबर नऊ आहे." पोरीने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "आणि पाच झालेत. मी मोजलेत. मला फुकटचं काही नको."

ती वळली, आपल्या संघाच्या बाकावर पार टोकाला जाऊन बसली आणि तिने डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला.

बाईंनी पाचची पाटी उचलली. ती डोक्याच्या वर धरायची असते. बाईंनी दोन्ही हातांनी ती तोंडासमोर धरली. पंचांनी मान हलवली, बदली मुलगी आत आली, घड्याळ सुरू झालं, चेंडू पुन्हा आपटायला लागला. पाटी होती तिथेच राहिली.

"बाई," सर हळूच म्हणाले, "दिसली हो सगळ्यांना. घ्या आता खाली."

"बस गेली की घेते," पाटीमागून आवाज आला.