मोगऱ्याला पाणी

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. लातुरात नळ आठवड्यातून एकदा यायचा. गुणाबाई लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर नांदेडला निघाल्या, तेव्हा नवऱ्यानं मरण्याआधी लावलेल्या मोगऱ्याची कुंडी गल्लीतल्या तिघी मैत्रिणींवर सोपवून गेल्या.

परतल्या तर मोगरा मेलेला. तिघी माना खाली घालून उभ्या.

"या दोघी कुठून पाणी घालत्यात म्हणून मीच रोज दोन तांबे वतत होते," भामाबाई म्हणाल्या.

"मी बी," बाकीच्या दोघी एकदमच बोलल्या.

शेजारच्या कृषी अधिकाऱ्यांनी माती उकरून मुळं पाहिली. "पाणी जास्त झालं. कुजलाय."

गुणाबाईंनी कुंडी फेकली नाही. आल्यागेल्याला ती दाखवू लागल्या. "असल्या सालात जादा पाण्यानं मेलाय. हाय का कुणाचा असा?"