गुडघ्याचं निमित्त

नव्या स्ट्रायकरच्या सत्काराला इंद्रजित कठडा धरून एकेक पायरी चढत आला. त्याची चिमुकली पोर पाठोपाठ होती. कोच सरांची मान खाली गेली.

फुटबॉलच्या पुढच्या हंगामासाठी परदेशी स्ट्रायकर आणायचा, तर बचावफळीतला एक जण सोडणं भाग होतं. पण पेठेच्या संघासाठी जीव तोडून खेळलेल्या इंद्रजितला तसं तोंडावर सांगायला सरांची जीभ रेटेना. "डॉक्टर म्हणाले, गुडघा गेलाय तुझा," असं त्यांनी ठोकून दिलं होतं. गुडघा ठणठणीत होता.

"सर, वेळेत सांगितलासा, लई उपकार झाले," इंद्रजित म्हणाला. "आता जपतोय. हिला उचलूनबी घेत न्हाई."

गर्दीत पोरीला काही दिसेना. तिनं बापाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ सरांपुढे हात वर केले.