शालन

युद्धाच्या आठवणी सांगायच्या नसत, टोपीसारख्या डोक्यावर चढवायच्या. संग्रहालयात दर शनिवारी संध्याकाळी तसा कार्यक्रम होई. सुभेदार जगतापांनीही आपली एक आठवण दिल्याचं कळताच त्यांची बायको इंदुमती रांगेत उभी राहिली. लढाईवरून आल्यापासून ते झोपेत 'शालन' पुटपुटायचे.

"आज त्या सटवीचं तोंडच बघते!"

टोपी घालताच ती नवऱ्याच्या अंगात शिरली. खंदकात, मांडीवर जखमी शिपाई घाडगे, डोळे गेलेला.

"शालन, आलीस का गं?" तो बायकोला हाका मारत होता.

नवऱ्याच्या तोंडून बायकी, मऊ शब्द निघाले, "आले, धनी. हितंच हाय मी. झोपा आता."

बाहेर जगताप चहा घेऊन उभे होते. "भेटली शालन?"

"भेटली," इंदुमती फुरंगटून म्हणाली. "माझ्याशी कधी बोललात इतकं गोड?"