मिसेस प्रूइटच्या फाटकापर्यंत

लोरीनने कॉफीचा मग रंगाच्या रिकाम्या डब्यावर ठेवला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भंगारात दे, हार्लन. अजून वेळ गेलेली नाही."

"इंजिन फिरतंय आता," हार्लन गाडीखालून म्हणाला. "काल हातानं फिरवून बघितलं."

"फिरू दे. पण पत्रा उरलाय कुठे? आत मांजर बसवलं तर ते खालून बाहेर पडेल."

हार्लन हसला. लोरीन हसली नाही. कॉफी तिथेच ठेवून ती घरात गेली.

सदुसष्ट सालची पॉन्टिॲक. अपघातानंतर शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, फोटो काढून झाल्यावर हार्लनच्या बापाने ती ट्रॅक्टरने ओढून कोठारात नेली, वर ताडपत्री टाकली, कुलूप ठोकलं आणि मरेपर्यंत किल्ली कुणाच्या हाती दिली नाही. म्हातारा गेला, शेत विकलं गेलं, आणि पंचेचाळीस वर्षांचा गंज घेऊन गाडी हार्लनच्या गॅरेजात आली.

त्या अपघाताचं हार्लनला काहीच आठवत नव्हतं. नाचाच्या हॉलमधून निघताना तो तर्र होता आणि लोरीन बरोबर होती, एवढंच. शुद्ध आली ती इस्पितळात. उशाशी शेरीफ उभा होता. सुटलेली गाय शोधायला रस्त्यावर आलेला वॉल्टर प्रूइट गाडीखाली सापडून जागीच गेला, हे त्याच्याकडूनच कळलं. गाडी पुढे झाडावर आदळली होती. एकोणीस वर्षांच्या लोरीनने हार्लनला ओढून बाहेर काढलं आणि रक्ताळलेल्या पायांनी मैलभर चालत जाऊन फोन केला. तिने जे पाहिलं ते शेरीफला सांगितलं. हार्लनने कोर्टात मान खाली घालून गुन्हा कबूल केला.

चार वर्षं तो तुरुंगात होता. लोरीन दर दुसऱ्या रविवारी तीन तास बसने प्रवास करून भेटायला यायची. तो सुटला त्याच महिन्यात तिने त्याच्याशी लग्न केलं. असली बाई ओहायोत शोधून सापडायची नाही, असं गावात अजून बोलतात.

हार्लनने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. कारखाना असो, चर्च असो, लोरीनच त्याला न्यायची-आणायची. दर उन्हाळ्यात तो वॉल्टरच्या विधवेच्या, मिसेस प्रूइटच्या, अंगणातलं गवत कापून द्यायचा. बाई खिडकीतून बघायच्या, बोलायच्या नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात त्या पहिल्यांदा बोलल्या. वय एकोणनव्वद, पण आवाज खणखणीत.

"तू गाडी चालवत नाहीस म्हणे?"

"नाही, मिसेस प्रूइट."

"त्यानं माझा वॉल्टर परत आला का?"

हार्लन यंत्राला चिकटलेलं गवत काढू लागला.

"ती गाडी आहे ना अजून? नीट कर. स्वतः चालवत माझ्या या फाटकापर्यंत आण. मी डोळे मिटायच्या आत आण. मग मिटलं म्हणेन मी."

दुसऱ्याच दिवशी हार्लनने बाह्या सरसावल्या. पेन्शन बेताची होती. भंगारवाल्याकडून हिरवं बॉनेट आणलं, ते लाल गाडीवर चढवलं. कार्ब्युरेटर आठवडाभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. जुन्या फ्रीजचा पत्रा कापून मडगार्डला ठिगळं लावली. वेल्डिंगचं यंत्र शेजाऱ्याचं आणि चटके स्वतःचे. लोरीनने एक डॉलर सोडला नाही. "छप्पर गळतंय," एवढंच म्हणायची.

मार्चमध्ये मिसेस प्रूइटने अंथरूण धरल्याचं कळलं. हार्लन दिवसाचे दहा-दहा तास गाडीखाली राहू लागला. बाहेरचं सगळं आटोपलं. आत मात्र त्याने अजून डोकावलंही नव्हतं. तिथे उंदरांची घरटी होती आणि ताडपत्रीच्या चिंध्या. त्याच्याच्याने बघवत नव्हतं.

मेमधल्या एका सकाळी तळाचा पत्रा बदलायची वेळ आली. लोरीन बाजाराला निघाली होती. ती दारात थबकली.

"आता सीटा काढाव्या लागतील ना?"

"हो."

"नव्याच आणू. माझ्या शिवणाच्या पैशातून. त्या जुन्या कापून फेकून दे."

हार्लनने वर पाहिलं. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

"तुझी पाठ दुखते म्हणून म्हटलं." ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. "मी आल्यावर दोघं मिळून काढू. तोवर हात लावू नकोस, कापशील कुठेतरी."

ती गेली. हार्लनला भरून आलं. बिचारीने आयुष्यभर आपलं ओझं वाहिलं, निदान हे काम तरी तिच्यावर नको, असं त्याला वाटलं. झाडावर आदळल्यापासून चालकाकडचं दार चेपून बसलं होतं. त्याने बिजागऱ्या कापल्या, दार उतरवलं, घरटी उपसून काढली.

समोर स्टिअरिंग होतं. इथे गॅरेजात बसायचा धीर होत नसेल, तर फाटकापर्यंत कसा जाणार? हार्लनने श्वास घेतला आणि बसायला गेला.

बसताच येईना. गुडघे डॅशबोर्डला थडकले, पोट स्टिअरिंगखाली अडकलं. सहा फूट तीन इंचांचा देह, त्यात म्हातारपणाची चरबी. पण पाय काही म्हातारपणी लांब होत नाहीत. त्याने सीट मागे सरकवायचा दांडा ओढला. हलेना. तेल सोडलं, हातोडा मारला. हलेना.

मग तो जमिनीवर आडवा झाला आणि बॅटरीच्या उजेडात सीटखाली पाहिलं. सीट सरकायच्या पट्टीवर अडकवायची खिट्टी अगदी पुढच्या खाचेत घट्ट बसली होती. खिट्टी, खाच आणि पट्टी गंजून एकजीव झाली होती. त्या रात्रीनंतर सीट केसभरही हललेली नव्हती.

बाहेर गाडी वळल्याचा आवाज आला. दार उघडून लोरीन उतरली आणि मागच्या सीटवरच्या पिशव्या काढू लागली. हार्लन गॅरेजच्या फरशीवर पडल्या पडल्या तिच्या गाडीच्या उघड्या दारातून चालकाच्या सीटकडे बघत राहिला. एक्केचाळीस वर्षं तो शेजारी बसून हेच बघत आला होता. गाडी चालवायला बसली की लोरीन सीट ओढून घ्यायची, ती बरोब्बर एवढीच पुढे.