हे काम जमेल का?

तिचं नाव यादीत नव्हतं. वॉचमननं यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि चूक तिचीच असल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"मला सायबर सुरक्षेच्या टीममध्ये जायचंय," ती म्हणाली. "एचआरनं तुम्हाला काही कळवलं नाही का?"

एचआरचं नाव निघताच वॉचमनचा चेहरा निवळला. त्यानं वर फोन लावला. थोड्या वेळानं जो माणूस खाली आला, त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण साधं काही विचारलं तरी तो मुळापासून शिकवायला बसे. त्यानं यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आमच्या एचआरनं आजवर एक माणूस धड कामावर घेतला नाही. मी लागलो तेव्हा कित्येक दिवस मला कार्डच नव्हतं. बाथरूमला जायचं तरी कुणाच्या तरी पाठोपाठ. चला ताई, माझ्याबरोबर चला."

त्यानं आपलं कार्ड लावून दार उघडलं आणि तिच्यासाठी धरून ठेवलं. ती आत शिरली. आज सगळं जमून आलं, तर तिच्या नव्या नोकरीतल्या मॅडम तिला कायम करणार होत्या. नाही जमलं, तर आपला मार्ग वेगळा, असं त्यांनी कालच स्पष्ट सांगितलं होतं. तो वेगळा मार्ग म्हणजे शाळेचं ऑफिस. तिथली तिची कारकुनाची खुर्ची मुख्याध्यापकांनी महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती. त्या खुर्चीत पुन्हा बसायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. घरदार सांभाळून, डोळ्यांची वाट लावून ती हे नवं काम शिकली होती. जाऊबाई अजून विचारायच्या, "काय गं, कॉम्प्युटरमधले चोर सापडले का?" त्यावर नवरा हसायचा आणि तिला जाऊबाईंपेक्षा त्याचाच जास्त राग यायचा.

टीमची खोली थंडगार होती. भिंतभर स्क्रीन, आणि त्यांवर सरकत जाणाऱ्या ओळी. मास्तरनं तिला आपल्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून घेतलं.

"हे सगळे धोक्याचे इशारे. दिवसभर येत राहतात. बहुतेक खोटे असतात. त्यातला खरा ओळखायचा, बाकी काही नाही. हे दोन बघा. हा माणूस पासवर्ड सारखा चुकतोय. आणि हा दुसरा, रजेवर आहे, पण पहिल्याच झटक्यात आत आलाय. चोर कोण?"

"दुसरा," ती म्हणाली. "पहिला प्रत्येक वेळी थांबून थांबून टाकतोय. आठवतोय बिचारा. चोराला आठवावं लागत नाही, तो तयारीनं येतो."

मास्तर खूश झाला. "हे कुठं शिकलात?"

"शाळेत. मुलांच्या आजारपणाचे खोटे फोन घेऊन घेऊन कान तयार झालाय. खरं बोलणारा अडखळतो."

"वा. पण एवढ्यावर भागत नाही, ताई." मास्तरनं आवाज खाली आणला. "आमच्या अकाउंट्समध्ये एक मावशी होत्या. रोज मला चहाला बोलवायच्या, आई कशी आहे विचारायच्या. एकदा त्यांनी भलत्याच मेलवर क्लिक केलं. मला लगेच समजलं. पण त्यांची निवृत्ती तोंडावर आलेली, वर कळवायला मन धजेना. म्हटलं, उद्या बघू. तेवढ्यात चोर सगळी कंपनी फिरून आला."

"मग?"

"मग मावशींची नोकरी गेली, माझी जाता जाता वाचली. ज्याचं नाव सांगायचं असतं, तो वाईट माणूस नसतोच हो. आपल्याशी नीट वागणाराच कुणीतरी असतो. हे जमत असेल तरच या कामात पडा. नसेल, तर आजच सांगून मोकळ्या व्हा. त्यात कमीपणा नाही."

तिला हा माणूस आवडला होता. कामाला लागल्यापासून तिच्याशी इतकं मोकळं कुणी बोललं नव्हतं.

"जमेल," ती म्हणाली.

मास्तर चहा आणायला गेला. त्याचा कॉम्प्युटर तिच्यासमोर उघडाच होता. तिनं कामापुरतं सगळं पाहून घेतलं आणि मॅडमना फोनवर 'आत बसले' एवढंच कळवलं. तो परत आला तेव्हा ती उठून उभी होती.

"मला साहेबांना भेटायला हवं."

"चला, मीच ओळख करून देतो. तुमच्यासारखं माणूस आमच्या एचआरला चुकूनच सापडलंय."

केबिनमध्ये साहेब एकटेच होते. "सर, या आपल्या नव्या ताई," मास्तर कौतुकानं म्हणाला. "लिहून देतो, एकदम पक्क्या आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "नव्या? आपण तर सध्या कुणालाच घेतलेलं नाही."

"घ्या. म्हणजे एचआरनं तुम्हालाही कळवलं नाही?" मास्तर हसला.

ती एक पाऊल पुढं आली. "एचआरची काही चूक नाही, सर. बाहेरच्या माणसाला तुमच्या कंपनीत शिरता येतं का, हे तपासायचं काम तुम्ही आमच्या मॅडमना दिलंय. मी त्यांच्याकडून आलेय. इतका वेळ मी तुमच्या सुरक्षा टीमच्या खोलीत, उघड्या कॉम्प्युटरसमोर बसले होते."

मास्तरचं हसू तसंच राहिलं. ते आवरायचंही त्याला सुचलं नाही. साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्हाला आत कोणी घेतलं?"

तिला फार वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.

"यांनी," ती म्हणाली.